मूकपटांतली माणसे घाईत का दिसतात?

जुन्या मूकपटांतली माणसे तुरुतुरु चालतात, झटके देत हात हलवतात आणि आपल्याला हसू येते. पण आपले पणजोबा असे चालत नव्हते. त्यांना घाईत आपण टाकले आहे.

मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने दांडी फिरवून चालवत. सेकंदाला साधारण 16 चित्रे निघत, पण ते फिरवणाऱ्याच्या हातावर होते. पुढे बोलपट आले. हाताचा वेग बदलला की आवाज चिरका किंवा घोगरा होतो, म्हणून वेग सेकंदाला 24 चित्रे असा पक्का झाला. मुंबईत 14 मार्च 1931 रोजी मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला. त्यात फकिराच्या भूमिकेत वझीर मोहम्मद खान गायले. जुबैदा आणि मास्टर विठ्ठल हे मूकपटांतले कलाकार त्यात नायिका-नायक होते.

16 च्या वेगाने टिपलेली फिल्म 24 च्या यंत्रावर चढवली की सगळे दीडपट वेगाने घडते. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' (1913) सुमारे 3,700 फुटांचा होता. 35 मिलिमीटरच्या एका फुटात 16 चित्रे मावतात, म्हणजे एकूण 59,200 चित्रे. ती 16 च्या वेगाने दाखवली तर तासाहून थोडा जास्त वेळ लागतो, 24 च्या वेगाने दाखवली तर जेमतेम 41 मिनिटे. फिल्म तीच, पण वीस मिनिटे गायब!

फाळक्यांना वेगाची ही ताकद ठाऊक होती. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी कुंडीतल्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चित्र घेऊन टिपली होती. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणभरात दिसली. मुळात डोळाच वेगाला फसतो. हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसमने 'किताब अल-मनाझिर'मध्ये फिरत्या भोवऱ्याचे उदाहरण दिले आहे: भोवरा वेगाने फिरला की त्यावरचे वेगवेगळे रंग मिसळून एकच दिसतात.

आज ती दांडी संगणकाच्या आज्ञेत आहे. आमच्या एव्हरशाईन सिटीत घरोघरी मुले पायथन शिकतात. त्यातल्या मॅटप्लॉटलिबमध्ये चलचित्र करताना 'इंटरव्हल' म्हणजे दोन चित्रांमधले अंतर, मिलिसेकंदांत. काही न सांगितल्यास ते 200 असते, म्हणजे सेकंदाला फक्त 5 चित्रे. फाइल जतन करताना 'एफपीएस' वेगळा देता येतो आणि दिला की तोच चालतो. 240 चित्रे 100 च्या अंतराने दाखवली तर 24 सेकंद लागतात. तीच एफपीएस 24 देऊन जतन केली तर फाइल 10 सेकंदांत संपते. मुले म्हणतात, प्रोग्राम बिघडला. बिघडलेले काही नसते. दोन आकडे एकमेकांशी जुळवलेले नसतात, एवढेच. एफपीएस न देता जतन केले तर तो इंटरव्हलवरूनच काढला जातो आणि वेग जुळतो.

माप पुरे द्या, तराजूत दांडी मारू नका, ही ताकीद आपण लहानपणापासून ऐकतो. धान्याला आणि कापडाला ती लावतो. वेळही मोजून द्यायची वस्तू आहे. जुनी फिल्म दाखवणाऱ्याने ती टिपली त्या वेगाने दाखवावी. तेवढे केले तरी पडद्यावरची माणसे विदूषक न राहता माणसे दिसतील, आणि गेलेल्यांना त्यांची चाल परत मिळेल.