पवई ते खारघर : एका पेशी-उपचाराची वाटचाल

राहुल पुरवार 2013 साली अमेरिकेतून परतून आयआयटी मुंबईत रुजू झाले, तेव्हा कार टी-पेशींचा उपचार भारतात कुठेच होत नव्हता. 2017 मध्ये अमेरिकेत अशा पहिल्या औषधाला मान्यता मिळाली. किंमत पावणेपाच लाख डॉलर. आपल्याकडच्या रुग्णांसाठी ते असून नसल्यासारखेच होते.

पुरवार आणि त्यांची विद्यार्थिनी अलका द्विवेदी यांनी पवईच्या प्रयोगशाळेत स्वतःची रचना उभी केली. रुग्णाच्याच रक्तातून टी-पेशी काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांत नवे जनुक घालायचे, म्हणजे त्या बी-पेशींवरचे सीडी19 हे प्रथिन ओळखून कर्करोगाच्या पेशी मारतात. आधीच्या औषधांत हे ओळखणारे टोक उंदराच्या प्रतिपिंडावरून घेतलेले होते. पवईत ते मानवी प्रतिपिंडाच्या जवळ नेले. विषाणूही बाहेरून न मागवता इथेच तयार केला. किंमत उतरली त्यामागे हा निर्णय मोठा आहे, असे मला वाटते.

पण प्रयोगशाळेतले यश रुग्णाच्या खाटेपर्यंत न्यायला रुग्णालय लागते. टाटा मेमोरियलचे हसमुख जैन आणि गौरव नरुला सोबत आले, 2018 मध्ये इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी निघाली आणि 4 जून 2021 रोजी टाटा मेमोरियलच्याच खारघरमधील अ‍ॅक्ट्रेक या केंद्रात पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या.

पेशी शिरेतून आत जायला फार वेळ लागत नाही. कसोटी पुढच्या दिवसांत असते. ताप चढतो, रक्तदाब उतरतो. या उपचारात मेंदूवर परिणाम होतोय का, हे पाहायला रुग्णाकडून रोज एक वाक्य लिहून घेतात, शंभरापासून दहा-दहा कमी करत उलटे मोजायला लावतात. अक्षर बिघडले की डॉक्टर सावध होतात.

ऑक्टोबर 2023 मध्ये या उपचाराला ‘नेक्सकार19’ या नावाने केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. 64 रुग्णांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष 2025 मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त आले : ज्यांच्यावरचा परिणाम तपासता आला, त्यांपैकी सुमारे 73 टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. इतर सगळे उपचार थकल्यावर आलेल्या माणसांसाठी हा आकडा फार मोलाचा आहे.

दर अमेरिकेच्या जवळपास दहाव्या हिश्शावर आला, तरी तो लाखोंतच आहे. अनेक घरांना आजही तो पेलत नाही. प्रयोगशाळेने आपले काम केले. आता शासकीय आरोग्य योजनांनी या उपचाराचा भार उचलायला हवा.