सुटकेचा दिवस

चोरीची किंमत किती असते? चोरीला गेलेल्या ऐवजाइतकी, असं उत्तर आपण चटकन देतो. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. आज या प्रश्नाच्या निमित्ताने थोडा इतिहास आणि थोडी घरची गोष्ट सांगणार आहे.

माझं लहानपण सोलापुरात गेलं. वडिलांचं किराणा मालाचं छोटं दुकान होतं. १९६४ साली, मी बारा वर्षांचा असताना, एका रात्री दुकान फुटलं. गल्ल्यातली रक्कम, तेलाचे डबे, पितळी तराजू असं सगळं गेलं. गल्लीतल्या चार जाणत्या माणसांनी सकाळीच निकाल लावला, ‘सेटलमेंटमधलीच पोरं असणार.’ दोन पोरांकडे बोट दाखवलं गेलं. अण्णांना विचारलं तेव्हा तेही ‘असतील’ एवढंच म्हणाले. त्या एका ‘असतील’वर ती पोरं आठ दिवस चौकीत बसली. त्यांच्याकडे काहीच सापडलं नाही.

सेटलमेंट हे नाव सोलापूरकरांना नवं नाही. त्याचं मूळ १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहे. ज्या देशात सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर होतो, तिथे चोरांच्याही जाती असणारच, अशी तेव्हाच्या राज्यकर्त्यांची विचारसरणी होती. हा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११च्या सुधारित कायद्याने देशभर पसरला. माणसाने काय केलं हे पाहायचं नाही, तो कुणाच्या पोटी जन्मला हे पाहायचं, असा हा उलटा न्याय होता. जमातीची नोंदणी व्हायची. नोंदलेल्या माणसाला हजेरी द्यावी लागे, परगावी जायला पास लागे. मुंबई इलाख्यात विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर अशा ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरच्या वसाहतीतली माणसं गिरण्यांत राबत आणि पुन्हा कुंपणात परतत. सरकारच्या लेखी ही सुधारणा होती, आणि गिरण्यांना त्यातून स्वस्त मजूर मिळत होते हेही खरं.

देश स्वतंत्र झाल्यावर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. या जमातींना आपण विमुक्त म्हणू लागलो. तरी कायदा रद्द होऊन बारा वर्षं झाली होती आणि आमच्या गल्लीच्या तोंडात तोच कायदा शिल्लक होता. पुढे लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ ही आत्मकथनं आली. तारेपलीकडून आम्ही कसे दिसत होतो, ते मला पहिल्यांदा त्या पुस्तकांतून कळलं.

आता घरच्या गोष्टीचा दुसरा भाग. १९६६ साली दुकान पुन्हा फुटलं. या वेळी चोर सापडला. तो आमच्याच पेठेतला हमाल होता. आमच्या दुकानात पोती उतरवणारा, अण्णांच्या हातचा चहा पिणारा. दोन वर्षांपूर्वीचा तराजूही त्याच्याकडेच मिळाला. त्याला शिक्षा झाली. गल्लीला हायसं वाटलं. त्या दोन पोरांची आठवण मात्र कुणी काढली नाही, अण्णांनीही नाही.

चोरीची खरी किंमत मी त्या दिवसांत पाहिली. आईच्या पाटल्या मोडल्या, तेव्हा दुकानात माल भरला. अण्णा पुढची दोन वर्षं दुकानातच फळीवर झोपत. उधारीवर माल देणं बंद झालं आणि त्यामुळे गिरणीतली गरीब गिऱ्हाइकं तुटली. गल्लीने वर्गणी काढून गुरखा ठेवला. एका माणसाने दोनदा कुलूप तोडलं आणि सबंध गल्लीने एकमेकांवर संशय घ्यायला सुरुवात केली. हे कुठल्या पंचनाम्यात लिहितात? त्यात पोलीस, कोर्ट, वकील आणि तुरुंग यांचा खर्च मिळवा. आणि तोच माणूस सुटून पुन्हा चोरी करतो, तेव्हा हा सगळा हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो.

मग पुन्हा पुन्हा गुन्हा करणाऱ्याचं करायचं काय? याला जुनं उत्तर आहे वाढीव शिक्षेचं. १८६०च्या भारतीय दंड संहितेत पंचाहत्तरावं कलम होतं. मालमत्तेच्या आणि खोट्या नाण्यांच्या काही गंभीर गुन्ह्यांत एकदा शिक्षा झालेला माणूस पुन्हा तसाच गुन्हा करताना सापडला, तर त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा देता येत असे. १ जुलै २०२४पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही तेरावं कलम हेच सांगतं. जमातींचा कायदा गेल्यावर निरनिराळ्या राज्यांनी सराईत गुन्हेगारांसाठी कायदे केले. मुंबई राज्याचा कायदा १९५९चा. यात जात पाहायची नाही, त्या माणसाला झालेल्या शिक्षा पाहायच्या, हे तत्त्व योग्यच. पण सवयी सहजासहजी जात नाहीत. काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत जातींवरून कामं वाटण्याचे आणि भटक्या-विमुक्तांना सराईत मानण्याचे नियम तसेच राहिले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले ते ऑक्टोबर २०२४मध्ये. १८७१पासून मोजलं, तर दीडशेहून अधिक वर्षं झाली.

दुसरं उत्तर आपल्याच माणदेशात शोधलं गेलं. औंध हे बहात्तर गावांचं छोटं संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली प्रजेला स्वराज्याची घटना दिली आणि त्यासाठी महात्मा गांधींचा सल्ला घेतला. पोलंडहून आलेले एक इंजिनियर, मॉरिस फ्रीडमन, तेव्हा औंधात होते. संस्थानातल्या कैद्यांना भिंतींच्या बाहेर काढून शेती करू द्यावी, अशी कल्पना त्यांनी मांडली. राजांनी ती मानली. आटपाडीजवळच्या उजाड माळावर वसाहत झाली, तिचं नाव स्वतंत्रपूर. तिला कोट नव्हता. कैदी बायकामुलांसह राहत, जमीन कसत, पिकवलेलं खात. पळून जायला कुणाची आडकाठी नव्हती, पण मागे शेत होतं, बिऱ्हाड होतं आणि दिलेला शब्द होता.

माणदेशचेच ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. १९५८च्या बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. संस्थान १९४८ साली विलीन झालं, तरी सरकारने वसाहत मोडली नाही. पुढे येरवड्याला आणि पैठणला खुली कारागृहं झाली.

मात्र इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चित्रपटातले सहाही जण खुनी होते. खुनाचा कैदी पुष्कळदा रागाच्या भरात, बांधाच्या भांडणात एकदाच हात उचललेला असतो. तो सुटल्यावर सहसा पुन्हा त्या वाटेला जात नाही. परत परत येतो तो भुरटा चोर, खिसेकापू, दारूपायी चोरी करणारा. आणि खुल्या तुरुंगासाठी कैदी निवडताना सराईतांना सहसा वगळतात. म्हणजे ज्याला या औषधाची जास्त गरज, त्यालाच ते मिळत नाही. वगळण्यामागचं कारण समजण्यासारखं आहे, तो पळाला तर जबाबदार कोण? पण मग त्याच्यासाठी आपल्याकडे वाढीव शिक्षेखेरीज उरतं काय?

उरतं ते तुरुंगाच्या आधीचं आणि नंतरचं काम. पहिल्याच गुन्ह्यात सापडलेल्याला, विशेषतः तरुणाला, तुरुंगात न पाठवता देखरेखीखाली घरी ठेवायचं, ही परिवीक्षेची कल्पना. मुंबई इलाख्याने यासाठी १९३८ सालीच कायदा केला होता, देशाचा कायदा १९५८ साली झाला. आणि नंतरचं काम म्हणजे सुटकेच्या दिवसाचं. लांबलचक शिक्षा चोराला आत असेपर्यंतच थांबवते. एके दिवशी दार उघडतं आणि माणूस बाहेर येतो. त्या दिवशी त्याच्यापुढे दोनच प्रश्न असतात, रात्री झोपायचं कुठे आणि उद्या कामाला कोण घेणार?

आमच्या हमालाची सुटका १९६८ साली झाली. तो सरळ आमच्या दुकानासमोर येऊन उभा राहिला. मान खाली घालून म्हणाला, ‘मालक, पोती उतरवू द्या. पैसे संध्याकाळी द्या, नाही दिले तरी चालेल.’ अण्णा गप्प राहिले. ते विचार करत होते हे मला दिसत होतं. मी सोळा वर्षांचा होतो. पाटल्या मोडून आलेली आई माझ्या डोळ्यांपुढे होती. मी म्हणालो, ‘अण्णा, याला पायरी चढू देऊ नका.’ अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि हाताने ‘जा’ अशी खूण केली. पेठेतल्या इतर दुकानदारांनीही तेच केलं. १९६९ साली तो पुन्हा पकडला गेला. कुलूप या वेळी दुसऱ्याच्या दुकानाचं होतं.

त्याला काम दिलं असतं तर तो सुधारला असता, असं मी म्हणणार नाही. कदाचित त्याने पुन्हा आमचाच गल्ला फोडला असता. दुकानदाराला भीती वाटते, ती खोटी नसते. एकट्या अण्णांनी हा धोका पत्करावा, असं सांगायचा अधिकारही मला नाही. म्हणूनच हे काम एकट्यादुकट्याच्या चांगुलपणावर सोडता येत नाही. ज्या गल्लीने वर्गणी काढून गुरखा ठेवला, ती गल्ली सहा महिने त्याच्या मजुरीची हमी घेऊ शकली असती. त्याचा जो काही खर्च झाला असता, तो गुरख्यापेक्षा फार नसता. पण हे आमच्यापैकी कुणाला सुचलंच नाही.

आणि ती दोन पोरं? ती आज असतील तर माझ्याच वयाची, सत्तरी ओलांडलेली असतील. त्यांनी काहीच केलं नव्हतं, तरी आठ दिवस भोगलं. अण्णा गेले त्याच्या आधी काही दिवस बोलता बोलता म्हणाले, ‘तराजू सापडला तेव्हा जाऊन सांगायला हवं होतं रे त्यांना.’ कुणाला ते मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)