सातशे ब्याऐंशी की नऊशे ब्याऐंशी

अंबरनाथच्या वालधुनीकाठच्या शिवालयात उत्तरेकडील दारावर जो संस्कृत लेख कोरलेला आहे, त्यातील शकाचा आकडा डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रथम ७८२ असा वाचला, आणि त्या वाचनाबरहुकूम मंदिराचा काळ काही वर्षे इसवी सन ८६० असाच धरला जात होता. पुढे खुद्द भाऊंच्याच आश्रयाने आणि त्यांच्याच कामासाठी गावोगावचे शिलालेख उतरवीत हिंडलेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी मूळ शिलेचा नवा ठसा घेऊन सबंध लेखाचे वाचन व भाषांतर पुन्हा सिद्ध केले, आणि ज्या नियतकालिकात भाऊंचे वाचन छापले होते, त्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकाच्याच बाराव्या खंडात तो आकडा ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असल्याचे दाखवून दिले.

एका अंकाच्या दुरुस्तीने मंदिर दोनशे वर्षे अलीकडे आले. लेखातील राजा माम्वाणी, म्हणजे शिलाहार वंशातील मुम्मुणी. पण नवव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर कोकणावर त्याच वंशातील कपर्दीचा अंमल होता हे कान्हेरीचे लेख सांगतात, तेव्हा मुम्मुणीसाठी ७८२ हा शक त्या वंशावळीत कोठेच बसत नव्हता. भगवानलालांचा विशेष मला असा वाटतो, की आश्रयदात्याच्या कीर्तीस बिचकून त्यांनी नकलेवरून नक्कल केली नाही; अस्सल दगडाशी रुजुवात घातली, आणि वाचकाला दोन्ही वाचने ताडून पाहता यावीत इतका पुरावा पुढे ठेवला.

आज उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील कितीतरी तरुण लोकलने ठाणे-ऐरोलीकडे जाऊन, अथवा घरी बसून, जुने-नवे वाचन ताडण्याचे असेच काम करतात: संगणकाच्या आज्ञावलींतील 'पॅच', म्हणजे सुचविलेल्या दुरुस्त्या, तपासतात. कोणी सुचविलेल्या दुरुस्तीत जुनी ओळ वजाचे चिन्ह लावून व नवी ओळ अधिकाचे चिन्ह लावून दाखवावी, ही त्या धंद्याची रीत. बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात दोन मसुद्यांतील फरक काढणारी 'डिफ' ही आज्ञावली निघाली, आणि तो फरक मूळ मसुद्यावर चढविणारी लॅरी वॉल यांची 'पॅच' १९८५ साली आली.

तपासायला आलेली अशी एखादी दुरुस्ती ई-मेलच्या 'रिप्लाय'ची असते; त्याचा इतिहास 'पॅच'हून जुना आहे. आलेल्या पत्रावरूनच उत्तराचा पत्ता आपोआप भरणारी आज्ञा जॉन व्हिटल यांनी १९७५ साली आपल्या 'एमएसजी' या आज्ञावलीत घातली. दोनच वर्षांनी ठरलेल्या नियमपत्रात प्रत्येक पत्राला ओळख-क्रमांक आणि उत्तराला 'हे अमुक पत्राचे उत्तर' असा उल्लेख, या दोहोंची तरतूद झाली. दिसायला एक बटण, परंतु त्यामागे परीक्षकाने पाहावयाच्या गोष्टी पुष्कळ: पाठविणाऱ्याने उत्तरासाठी निराळा पत्ता दिला असल्यास तो मानला जातो की नाही, सर्वांना उत्तर देताना स्वतःचाच पत्ता यादीतून वगळला जातो की नाही, आधीच्या पत्रांची साखळी अखंड राहते की नाही, आणि 'री:' या खुणेवर दुसरी 'री:' चढते काय. जर्मन पत्रव्यवहारात या जागी 'एडब्ल्यू:' येते, तेव्हा फक्त इंग्रजी खूण ओळखणारी दुरुस्ती म्युनिकशी चार पत्रे झाली की विषयाच्या ओळीत खुणांची रांग लावते.

मराठी विषयाच्या ओळीत आणखी एक मेख असते. जुने नियम केवळ इंग्रजी चिन्हांसाठी घडलेले असल्याने देवनागरी विषय सहसा सांकेतिक तुकड्यांत बांधून पाठवावा लागतो. यूटीएफ-८ या पद्धतीत एकेका देवनागरी वर्णाला तीन बाइट लागतात, आणि १९९६ च्या नियमपत्राप्रमाणे कोणताही तुकडा वर्णाच्या मध्येच तोडता येत नाही. दुरुस्ती करणाऱ्याने लांबी अक्षरांऐवजी बाइटांनी मोजली, तर 'अंबरनाथ शाखेच्या सभेचा इतिवृत्तांत' हा विषय उत्तरात जाताना एखाद्या वर्णाच्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन घेऊन पोहोचतो. हा दोष पडद्यावरील आज्ञावली कितीही वेळा वाचली तरी सहसा ध्यानात येत नाही. लांब मराठी विषयाचे पत्र प्रत्यक्ष धाडून, आलेले उत्तर त्याच्या कच्च्या रूपात उघडावे लागते. पुष्कळ परीक्षक मात्र 'ठीक दिसते' एवढा शेरा मारून मंजुरी देतात आणि पाच-सत्तावन्नची लोकल गाठतात.