रस्त्यात अपघात दिसला तर थांबा, भिऊ नका : आधी काय करायचं, काय टाळायचं, कायदा काय सांगतो

नागपूर : ऑगस्ट २०२५ मध्ये, रक्षाबंधनाच्या सुमारास, नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापारजवळ एका मोटारसायकलला ट्रकची धडक बसली. मागे बसलेली पत्नी जागीच गेली, ट्रकवाला पळून गेला. नवऱ्याने येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात दाखवला, विनवण्या केल्या. कोणी थांबलं नाही. शेवटी त्याने पत्नीचा मृतदेह मोटारसायकललाच बांधला आणि निघाला. पुढे पोलिसांनी त्याला थांबवलं. तो व्हिडिओ देशभर फिरला.

लोक थांबत नाहीत त्याचं कारण गावात सगळ्यांना माहीत आहे. "पोलिसांची झंझट लागेल, कोर्टात चकरा माराव्या लागतील, दवाखान्यात पैसे आपल्यालाच मागतील." ही भीती जुनी आहे. पण आता कायदा बदलला आहे आणि तो मदत करणाऱ्याच्या बाजूने आहे.

कायदा काय म्हणतो?

सुप्रीम कोर्टाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम देशभर बंधनकारक केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. त्याचा सरळ अर्थ असा :

- चांगल्या मनाने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत केली आणि जखमी दगावला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.
- पोलीस किंवा दवाखाना नाव, पत्ता, फोन नंबर देण्याची जबरदस्ती करू शकत नाही. द्यायचं की नाही, हे तुमच्या मर्जीवर.
- जखमीला दाखल केल्यावर दवाखाना तुम्हाला थांबवून ठेवू शकत नाही, पैसेही मागू शकत नाही.
- साक्षीदार व्हायचं की नाही, हेही तुम्हीच ठरवायचं. झालात, तर जबाब तुमच्या सोयीच्या वेळी आणि सोयीच्या जागी घ्यावा लागतो.

पहिली पाच मिनिटं

१) आपली गाडी रस्त्याच्या कडेला लावा, चारही इंडिकेटर सुरू करा. दोघंतिघं असाल तर एकाला बऱ्याच अंतरावर मागे उभं करा. दिवसा दुपट्टा, रात्री मोबाइलचा टॉर्च हलवून मागच्या गाड्यांना सावध करू द्या. मदतीला धावलेल्या माणसालाच दुसऱ्या गाडीने उडवलं, असं हायवेवर होतं.

२) अपघातातल्या गाडीची चावी बंद करा. पेट्रोल-डिझेल सांडलं असेल तर बिडी, सिगारेट, माचिस जवळ नको. विजेची तार पडली असेल तर गाडीला हात लावू नका.

३) १०८ ला फोन करा. अ‍ॅम्ब्युलन्स फुकट येते. पोलिसांसाठी ११२. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ पण चालतो. ठिकाण नीट सांगा : कोणता रोड, कोणत्या गावाजवळ, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, जवळचा ढाबा किंवा पेट्रोल पंप, आणि गाडी नागपूरकडे जाणाऱ्या बाजूला आहे की येणाऱ्या. जखमी किती, कोणी अडकलं आहे का, तेही सांगा. समोरचा म्हणत नाही तोवर फोन ठेवू नका.

जखमीजवळ गेल्यावर

ओरडणाऱ्याच्या आधी जो गप्प पडला आहे त्याच्याकडे जा. हाक मारा, छाती वर-खाली होते का बघा.

- श्वास सुरू नसेल तर : पाठीवर सरळ झोपवा. छातीच्या मधोमध दोन्ही हात एकावर एक ठेवून जोरात दाबा. छाती साधारण दोन इंच दबली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत सोडू नका. थकलात तर दुसऱ्याला लावा.
- श्वास आहे पण शुद्ध नाही, उलटी होत आहे : डोकं, मान, कंबर एका रेषेत धरून दोघातिघांनी मिळून कुशीवर वळवा. नाहीतर उलटी श्वासनळीत जाते.
- रक्त वाहत असेल तर : स्वच्छ कापड, रुमाल, दुपट्टा जखमेवर ठेवून घट्ट दाबून धरा. कापड भिजलं तरी काढू नका, त्यावरच दुसरं ठेवा. लोखंड किंवा काच रुतली असेल तर उपसू नका.
- हाड मोडलं असेल तर : हात-पाय ओढून सरळ करू नका. आहे तसाच काठीच्या किंवा फळीच्या आधाराने बांधा.
- बोट तुटलं असेल तर : तुटलेला भाग स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पिशवीत ठेवा. थेट बर्फात टाकू नका.

या चुका करू नका

- उठवून बसवू नका. मानेला किंवा मणक्याला मार असेल तर हलवल्याने माणूस जन्माचा अपंग होऊ शकतो. गाडी पेटण्याचा किंवा दुसरी गाडी येऊन आदळण्याचा धोका असेल तरच हलवा.
- पाणी, चहा पाजू नका. बेशुद्ध माणसाच्या घशात ते अडकतं आणि ऑपरेशनलाही अडचण येते.
- हेल्मेट ओढून काढू नका. समोरची काच वर करा. श्वासच बंद असेल तर मात्र एकाने मान धरून, दुसऱ्याने हळूच काढावं.
- दोघांच्या मध्ये मोटारसायकलवर बसवून नेऊ नका. अ‍ॅम्ब्युलन्सला फारच वेळ असेल तर पिकअप किंवा टेम्पोत फळीवर सपाट झोपवून न्या.
- जखमीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. घरच्यांना बातमी अशी कळू नये.

गंभीर जखमेनंतरचा पहिला एक तास, म्हणजे 'गोल्डन अवर', कायद्यातही लिहिलेला आहे. याच तासात उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त. रामटेक, उमरेड, काटोलच्या आतल्या गावांमधून नागपूरच्या मेडिकलचं ट्रॉमा सेंटर गाठण्यातच हा तास जाऊ शकतो. म्हणून आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात रक्त थांबवून घेणं आणि मग पुढे नेणं, हे अ‍ॅम्ब्युलन्सच्या डॉक्टरला ठरवू द्या.

पैशाचं काय?

केंद्र सरकारची कॅशलेस उपचार योजना मे २०२५ पासून लागू आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या दवाखान्यात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात मिळतात. दाखल करतानाच या योजनेबद्दल विचारा.

गंभीर जखमीला त्या पहिल्या तासात दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला 'राहवीर' योजनेत २५ हजार रुपये आणि प्रमाणपत्र मिळतं. आधी ही रक्कम ५ हजार होती.

धडक देणारी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी हिट अँड रन योजनेत मृताच्या वारसांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा असतो. हे माहीत नसल्याने कागद घरीच राहतात.

आपल्याच गाडीने धडक बसली तर

पळू नका. जखमीला उपचार मिळवून देणं हे ड्रायव्हरचं कायद्याने काम आहे. जमाव अंगावर येत असेल तर तिथून निघा, पण सरळ पोलीस ठाणं गाठा. गाडीचा विमा आणि लायसन्स चालू ठेवा.

नंतरची कागदपत्रं

गाड्या हलवण्याआधी नंबर प्लेट, टायरच्या खुणा आणि रस्त्याचे फोटो काढा. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्या. पंचनामा, दवाखान्याची कागदं आणि बिलं जपून ठेवा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्जासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून तेरवी झाली की वकिलाला भेटा. आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही दावा टाकता येतो.

आजच मोबाइलमध्ये सेव्ह करा : अ‍ॅम्ब्युलन्स १०८, पोलीस ११२, राष्ट्रीय महामार्ग १०३३. घरातल्या म्हाताऱ्यांना आणि शाळेत जाणाऱ्या पोरांनाही हे तीन नंबर पाठ करून द्या.