घराखालची ओल



मृगाचा पाऊस सुरू झाला की गोव्यापासून बेळगावच्या घाटमाथ्यापर्यंत पुष्कळ जुन्या घरांत एक अनुभव येतो. सकाळी उठून पाहावे तो माजघरातील फरशी घामेजलेली असते. कोणी पाणी सांडलेले नसते, छप्पर गळत नसते. तरी पायाला चिकट ओलावा लागतो. घरातील वडील मंडळी म्हणतात, "जमिनीला पाझर फुटला," आणि दारेखिडक्या सताड उघडून वारा खेळू देतात. वारा खेळला की ओल जाते, हा समज आपल्याकडे इतका रुळलेला आहे की त्याची चौकशी करावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आज मी जी हकीकत सांगणार आहे ती मुख्यत्वे अमेरिकेत घडली. परंतु तिचे मूळ ह्याच समजुतीत आहे, आणि म्हणून ती आपणांस परकी वाटू नये.

घराचा आणि भूमीचा संबंध दोन प्रकारांनी जोडता येतो. एक प्रकार आपला. पाया भरून काढावा, त्यावर जोते उचलावे, जोत्याच्या पोटात मुरूम-माती ठासून भरावी आणि वर जमीन चोपून सारवावी किंवा फरशी बसवावी. उंच जोते ही आपल्याकडे घरंदाजपणाची खूण मानली गेली खरी, पण तिच्या मुळाशी पावसाळ्याचे भय होते. दुसरा प्रकार म्हणजे घराची जमीनच फळ्यांची करावयाची, त्या फळ्या तुळयांवर ठोकावयाच्या, आणि तुळया भिंतींवर किंवा खांबांवर टेकवून खालची माती तशीच उघडी सोडावयाची. अशा घराच्या पोटाखाली दोन-तीन फूट उंचीची काळोखी जागा राहते. माणसाला तीत रांगतच शिरावे लागते. इंग्रजीत तिचे नावच मुळी रांगण्यावरून पडले आहे. आपण तिला तळपोकळी म्हणू. पाण्याचे नळ, विजेच्या तारा हे सारे तेथून नेता येते आणि तळघर खणण्याचा खर्च वाचतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत अशी घरे सर्रास आढळतात.

आता मातीतील ओल वर चढते ती कशी? तिच्या वाटा दोन आहेत, आणि पुढील सारा घोटाळा ह्या दोन वाटांतील भेद न ओळखल्यामुळे झाला, असे माझे मत आहे.

पहिली वाट भिंतीची. विटेत आणि चुन्यात केसाहून सूक्ष्म अशी छिद्रे असतात, आणि दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे पाणी त्यांतून वर चढते. मोहेंजोदडोच्या गवंड्यांना पाणी अडविण्याची कला अवगत होती. तेथील प्रसिद्ध महास्नानगृहाच्या भिंतीत त्यांनी डांबराचा सुमारे इंचभर जाडीचा थर घातलेला उत्खननात सापडला. दैवदुर्विलास असा की, त्याच नगरीचे अवशेष आज ह्या पहिल्या वाटेने येणाऱ्या खारट ओलीने झिजत आहेत. १९३२ मध्ये सक्करचा बंधारा पुरा झाल्यानंतर कालव्यांमुळे भूजलाची पातळी चढली, विटांतून क्षार वर आले आणि हजारो वर्षे मातीत सुखरूप राहिलेल्या भिंतींचा भुगा होऊ लागला. १९७४ पासून युनेस्कोला त्यांच्या रक्षणासाठी मोठी मोहीम चालवावी लागली.

दुसरी वाट अदृश्य आहे. उघडी माती वरून कोरडी ठणठणीत दिसली तरी तिच्यातून वाफ सतत निघत असते. ही वाफ तळपोकळीत कोंडते, तुळयांत शिरते, आणि भिंतींतल्या पोकळ्यांतून थेट माळ्यापर्यंतही जाते. लाकडातील पाण्याचे प्रमाण शेकडा २० च्या आत आहे तोवर त्याला कुजण्याचे भय नाही. त्याच्या बरेच वर गेले की बुरशी घर करते. युरोपात घरांच्या लाकडाचा सत्यानाश करणारी जी बुरशी आहे, तिच्या लॅटिन नावात 'अश्रू ढाळणारी' अशा अर्थाचा शब्द आहे, कारण तिच्या अंगावर पाण्याचे थेंब साठतात. घरमालकाचे अश्रू नामकरण करणाऱ्याच्या मनात होते की नाही कोण जाणे!

प्राचीनांनी ह्या दोन्ही वाटांचा विचार केला होता. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस ह्याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ग्रंथाच्या सातव्या भागात ओलसर जागांवर एक प्रकरणच खर्ची घातले आहे. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत गिलाव्यात वाळूऐवजी खापरांची पूड घालावी, असे तो सांगतो. भिंत सदैव ओलीच राहत असेल तर आतून दुसरी पातळ भिंत उभारावी, मध्ये पोकळी ठेवावी, आणि त्या पोकळीला बाहेरच्या हवेत उघडणारी तोंडे ठेवावी, हा त्याचा दुसरा उपाय. इंग्लंडच्या उत्तरेस हेड्रियनच्या तटबंदीवर हाउसस्टेड्स येथे रोमन सैन्याच्या धान्यकोठाराचे अवशेष आहेत. त्याची जमीन दगडी खांबांवर तोललेली होती आणि बाहेरच्या भिंतींत झरोके होते. म्हणजे पोकळी आणि झरोका ही जोडी चांगली दोन हजार वर्षांची आहे. मात्र जेथे ती उपयोगी ठरली त्या प्रदेशांतील हवा कशी होती हे लक्षात ठेवावे. इटलीचा उन्हाळा कोरडा; उत्तर इंग्लंडचा थंड. आर्द्र उष्णतेशी त्या जोडीची गाठ पडली नव्हती.

एकोणिसाव्या शतकात ह्या प्रश्नाला वैद्यकाने निराळेच वळण दिले. रोग दूषित हवेतून, आणि ती हवा ओल्या जमिनीतून उद्भवते, असा त्या काळी विद्वानांचा दृढ समज होता. मॅसॅच्युसेट्सचे डॉक्टर हेन्री बोडिच ह्यांनी १८६२ मध्ये क्षयरोगाचा संबंध ओलसर जमिनीशी जोडला. म्यूनिकचे मॅक्स फॉन पेटेनकोफर ह्यांनी पटकीचे मूळ माती आणि भूजल ह्यांत शोधले, आणि केवळ जंतूने पटकी होत नाही हे दाखविण्यासाठी १८९२ मध्ये त्यांनी पटकीच्या जंतूंचे पाणी स्वतः पिऊन दाखविले. थोड्याशा जुलाबावर निभावले, एवढेच. इंग्लंडात १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यामागोमाग १८७७ मध्ये नमुनेदार उपविधी प्रसिद्ध झाले. त्यांत प्रत्येक नव्या भिंतीत जमिनीपासून निदान सहा इंच उंचीवर शिसे, डांबर किंवा सिमेंटात बसविलेल्या पाटीच्या दगडाचा ओल अडविणारा थर असावा, असे सांगितले होते. लाकडी जमिनीखाली झरोके ठेवावे, असेही होते. कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधून काढला आणि दूषित हवेच्या उपपत्तीचा पाया खचला. पण उपपत्ती गेली तरी नियम राहिले; भिंतीतील थराच्या बाबतीत तर ते राहिले हे फार बरे झाले. चुकीच्या कारणाने का होईना, पहिली वाट कायमची बंद झाली.

दुसरी वाट मात्र वाऱ्याच्या भरवशावर सोडून दिली गेली.

अमेरिकेच्या दक्षिणेतील जुनी घरे विटांच्या सुट्या खांबांवर उभी असत. खालून चारी बाजूंनी वारा आरपार जाई, कोंबड्या आणि कुत्री तेथे दुपार काढीत, आणि लाकूड टिके. पुढे खांबांच्या जागी सलग भिंती आल्या. घराखालची जागा कोंडली गेली आणि तिला लहान लहान जाळीदार झरोके ठेवण्यात आले. १९३४ मध्ये अमेरिकन सरकारने संघीय गृहनिर्माण प्रशासन स्थापन केले. घरासाठी काढलेल्या कर्जाला हे प्रशासन हमी देई. म्हणून त्याने घातलेली अट ही बांधणाऱ्याला कायद्यासारखीच होती. त्याने जानेवारी १९४२ मध्ये जे किमान निकष छापले त्यांत तळपोकळीला किती झरोके हवेत ह्याचे माप ठरवून दिले. पुढे बांधकामाच्या संहितांत ते माप, जमिनीच्या दर १५० चौरस फुटांमागे १ चौरस फूट झरोका, अशा सुटसुटीत रूपात रूढ झाले. हा आकडा शिल्पशास्त्रातील सूत्रासारखा पिढ्यान्‌पिढ्या घोकला गेला. परंतु इलिनॉय विद्यापीठातील संशोधक विल्यम रोज ह्यांनी १९९० नंतरच्या दशकात जुने कागद धुंडाळले, तेव्हा १९४२ च्या त्या मापामागे कोणत्याही प्रयोगाचा आधार नोंदलेला त्यांना आढळला नाही. युद्धाच्या घाईत कोणीतरी अंदाजाने आकडा लिहिला, आणि अंदाजाला सरकारी शिक्का मिळाला.

ह्याहून आश्चर्याची गोष्ट पुढेच आहे. खरा उपाय लागलीच सापडला होता! १९४८ च्या सुमारास राल्फ ब्रिटन नावाच्या तज्ज्ञांनी सरकारी गृहनिर्माण संस्थेसाठी तळपोकळ्यांचा अभ्यास केला आणि असे सुचविले की, उघड्या मातीवर वाफ अडविणारे आच्छादन घातले तर झरोक्यांचे माप एक दशांशावर आणता येईल. म्हणजे दोष वाऱ्याच्या अपुरेपणात नव्हता, मातीच्या उघडेपणात होता. त्या काळी आच्छादनासाठी जाड डांबरी कागद वापरीत. पुढे पॉलिथिन आले. इंग्लंडातील विनिंग्टन येथे १९३३ मध्ये फॉसेट आणि गिब्सन ह्या दोघा रसायनज्ञांच्या हाती ते अकल्पितपणे लागले होते. महायुद्धात ते रडारच्या तारांवर चढले आणि युद्धानंतर तावाच्या रूपाने स्वस्त झाले. इतके झाले तरी संहितांत पहिला मान झरोक्यांचाच राहिला, आणि आच्छादन हे झरोके कमी करण्याची एक सवलत म्हणून तळटीपेसारखे उरले.

एवढ्यात घरेही बदलली. दक्षिणेकडे वातानुकूलन आले आणि थंड हवेचे नळे तळपोकळीतून फिरू लागले. आता उन्हाळ्यातील स्थिती पाहा. बाहेरची हवा ३२ अंश सेल्सिअस, आणि तिच्यात इतके बाष्प की २३ अंशांपर्यंत थंड होताच तिचे दव पडावे. सावलीतली माती आणि घराच्या तळाचे लाकूड ह्याहून थंड. नळे तर फारच थंड. अशा जागी झरोक्यातून बाहेरची हवा शिरली तर ती ओल घेऊन जाईल की ओल ठेवून जाईल? बर्फाच्या पाण्याचा पेला उन्हाळ्यात बाहेरून ओला होतो, तोच न्याय. म्हणजे ज्या झरोक्यांनी घर कोरडे राखावयाचे, तेच उन्हाळाभर घराखाली पाणी आणून ओतीत होते. मालकाने तक्रार केली की कंत्राटदार सांगे, झरोके वाढवा. त्याने वाढविले की फळ्या अधिक फुगत.

ह्या प्रश्नाचा निर्णायक प्रयोग झाला तो नॉर्थ कॅरोलायनातील प्रिन्सव्हिल ह्या छोट्या गावी. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी टार नदीच्या सखल काठी हे गाव वसविले, आणि १८८५ मध्ये त्याला नगराची सनद मिळाली. चांगली उंच जमीन त्यांच्या वाट्याला आली नव्हती. सप्टेंबर १९९९ मध्ये फ्लॉइड नामक चक्रीवादळाच्या पुराने सारे गाव बुडविले. पुनर्वसनात जी नवी घरे उभी राहिली, त्यांतील १२ सारखी घरे रॅले येथील 'अ‍ॅडव्हान्स्ड एनर्जी' ह्या संस्थेने अभ्यासासाठी निवडली. चार घरांच्या तळपोकळ्या रूढीप्रमाणे झरोक्यांच्या ठेवल्या, मातीवर आच्छादनही घातले. उरलेल्या आठांचे झरोके बंद करून, आच्छादन भिंतींपर्यंत नेऊन नीट जोडले आणि आतील हवा कोरडी राखण्याची थोडी सोय केली. मग यंत्रे लावून वर्षावर्षाच्या नोंदी घेतल्या. झरोक्यांच्या पोकळ्या उन्हाळ्यात दमट राहिल्या. बंद पोकळ्या कोरड्या राहिल्या. शिवाय बंद पोकळीच्या घरांत ऊब आणि गारवा ह्यांवरील ऊर्जेचा खर्च सरासरीने शेकडा १५ च्या वर कमी आला. बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांना हा आकडा लहान नव्हे. त्यानंतर बंद तळपोकळीला बांधकामाच्या नियमांत रीतसर स्थान मिळत गेले.

मात्र कोणी ऐकून उद्या झरोके बुजवील, म्हणून सांगितले पाहिजे: माती उघडी ठेवून झरोके बुजविणे हे सर्वांत घातक. आधी छपराचे आणि अंगणातले पाणी घरापासून दूर वळवावे, मग माती झाकावी, आणि झरोक्यांचा विचार त्यानंतर. खाली ज्वलनाची शेगडी वा भट्टी असेल तर तिला बाहेरची हवा स्वतंत्रपणे मिळाली पाहिजे. वाळवी तपासण्यासाठी भिंतीची एक पट्टी उघडी ठेवावी लागते. आणि पुरापुढे पॉलिथिनचे काही चालत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये मॅथ्यू वादळात प्रिन्सव्हिल पुन्हा पाण्याखाली गेले.

आता आपली घामेजलेली फरशी. ती खालून ओली होते की वरून, हे घरच्या घरी ठरविता येते. जाड पॉलिथिनचा हातभर चौकोन फरशीवर पसरावा, त्याच्या चारी कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद कराव्या आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्यावा. पाणी चौकोनाच्या खालच्या अंगाला जमले तर ते जमिनीतून येत आहे. मग जोत्याकडे आणि आवारातील पाण्याकडे लक्ष द्यावे. खालचे अंग कोरडे राहून वरच्या अंगावर थेंब दिसले तर ते हवेतून पडलेले दव आहे, आणि भर दमट दुपारी खिडक्या उघडणे म्हणजे फरशीला आणखी पाणी पाजणे. फरशी ओली दिसेल त्याच दिवशी चौकोन लावावा. चार दिवसांनी हवा बदलली की उत्तरही बदलते.