गावाचे म्हणणे आणि सरकारचा कान

मराठी कचेऱ्यांत आपण ज्याला ‘निकाली’ म्हणतो, त्याला हिंदी भाषक प्रदेशातील कचेऱ्यांत ‘निराकृत’ म्हणतात. मध्य भारतातील एका जिल्ह्यात नेमणूक झाली, तेव्हा तिथल्या कारभारी हिंदीतला हा शब्द मी फार लवकर आत्मसात केला. तक्रारींच्या नोंदवहीत तो जितका अधिक, तितका महिन्याचा अहवाल चांगला दिसतो, एवढे शहाणपण मला पहिल्या तीन महिन्यांतच आले होते.

सन २०१२ च्या सुमाराची गोष्ट. एका संध्याकाळी मला बंगळूरहून एका अपरिचित बाईंचा दूरध्वनी आला. माझ्या हद्दीतील एका टोल्यावरचा हातपंप सहा महिने बंद आहे, तो केव्हा दुरुस्त होणार, एवढेच त्यांना विचारायचे होते. बंगळूरच्या गृहस्थ स्त्रीला आमच्या टोल्याशी काय कर्तव्य, असे मनात येऊन मी त्रासिकपणे उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी असेच आणखी तीन दूरध्वनी आले. मग मी नोंदवही मागवली. तक्रार होती. तिच्यापुढे शेरा होता: ‘सामग्री उपलब्ध नसल्याने निराकृत’. खाली स्वाक्षरी माझी होती.

उलगडा नंतर झाला. त्या टोल्यावरील एका तरुणाने ‘सीजीनेट स्वर’ या सेवेवर आपली तक्रार स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली होती आणि शेवटी माझा क्रमांक सांगून, ऐकणाऱ्यांनी साहेबांना विचारावे, अशी विनंती केली होती. पत्रकार शुभ्रांशु चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली छत्तीसगडमध्ये ही सेवा सुरू केली. तिची रचना साधी होती. साध्या मोबाइलवरून एक क्रमांक फिरवायचा, आपले म्हणणे सांगायचे. संपादक ते पडताळून प्रसृत करीत, आणि दुसरा कोणीही त्याच क्रमांकावर ते ऐकू शके. लिहिता येण्याची अट नव्हती. हिंदी येण्याचीही नव्हती, कारण गोंडीतूनही बोलता येत असे. थकलेली मजुरी, बंद शाळा, न मिळालेले धान्य यांच्या शेजारीच लोक आपली गाणीही गात.

हातपंप चौथ्या दिवशी सुरू झाला. सामग्री जिल्ह्याच्या गोदामातच होती. कोणी मागितली नव्हती, इतकेच. तरुणाने पुन्हा संदेश मुद्रित करून दूरध्वनी करणाऱ्या सर्वांचे आभार मानले. त्यात माझे नाव नव्हते, आणि ते योग्यच होते.

ही सारी नव्या तंत्राची किमया, असे मी काही वर्षे मानीत होतो. पुढे एका ग्रंथालयात १९५९ साली युनेस्कोने प्रसिद्ध केलेला एक जुना अहवाल हाती आला आणि माझा समज बदलला. अहवाल आपल्या मराठी मुलखाविषयी होता, आणि मला त्याची गंधवार्ताही नव्हती.

पुण्याचे नभोवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले होते. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तेथून एक प्रयोग करण्यात आला. तत्कालीन मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन झाली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. एकूण २० कार्यक्रम. त्या काळी खेड्यात रेडिओ हेच नवे माध्यम होते. पण या प्रयोगाचे मर्म रेडिओत नव्हते, रेडिओ बंद केल्यानंतरच्या वेळात होते. सुमारे वीस जण एकत्र बसत, ऐकलेल्यावर चर्चा करीत, आणि मंडळाचा चिटणीस त्या चर्चेचा वृत्तांत व शंका केंद्राकडे पाठवी. पुढील कार्यक्रमांत त्या शंकांना उत्तरे दिली जात. ही कल्पना मूळची कॅनडाची. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी मंडळे चालत होती.

या प्रयोगाशी संबंधित दोन माणसे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. जगदीशचंद्र माथुर हे आय.सी.एस. अधिकारी त्या वेळी नभोवाणीचे महासंचालक होते. हिंदी वाचक त्यांना ‘कोणार्क’ नाटकाचे लेखक म्हणून ओळखतात. संवादाचे मोल नाटककाराला वेगळे सांगावे लागत नाही. दुसरे पॉल न्यूराथ, व्हिएन्नात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ. नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांत त्यांनी बंदिवास भोगला होता. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने त्यांनी प्रयोगाचे मूल्यमापन केले. नाझी राजवटीने रेडिओचा केवळ भोंगा केला होता. त्या राजवटीचा कैदी असलेला माणूस आपल्या खेड्यांत येऊन, रेडिओ ऐकल्यावर माणसे काय बोलतात, हे टिपत होता.

न्यूराथ यांनी मंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी केली. मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ स्पष्ट दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती. यंत्र तेच, कार्यक्रम तोच. फरक एकत्र बसून बोलण्याचा होता. याहून महत्त्वाचे निरीक्षण पुढेच आहे. ही मंडळे केवळ ऐकणारी राहिली नाहीत, ती निर्णय घेऊ लागली. विहिरी खोदल्या गेल्या, जातिवंत वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या आल्या, विक्रीसाठी संस्था निघाल्या, बालवाड्या सुरू झाल्या.

यश पाहून १९५९ पासून योजना देशभर नेण्यात आली. मंडळांची संख्या हजारोंच्या घरात गेली, आणि अनेक मंडळे कालांतराने नावापुरती उरली. मी प्रशासनात असल्याने हे कसे घडत असेल, याची कल्पना करू शकतो. मंडळे किती, याचा आकडा वर पाठवावा लागतो. किती शंकांना उत्तर मिळाले, याचा रकाना तक्त्यात नसतो. चिटणिसाने तीन पत्रे पाठवावीत, एकाचेही उत्तर येऊ नये, म्हणजे चौथे पत्र तो लिहीत नाही. रेडिओ सुरू राहतो, मंडळ संपलेले असते.

त्यानंतरही प्रयत्न होत राहिले. १९७५ साली गुजरातेतील खेडा जिल्ह्यात अवकाश संशोधन संस्थेने ग्रामीण दूरचित्रवाणीचा प्रकल्प आरंभिला. गावकरी त्यात केवळ प्रेक्षक नव्हते. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची वाट मोकळी झाली, आणि २००८ साली तेलंगणातील माचनूर येथे दलित स्त्रिया स्वतः चालवीत असलेला ‘संगम रेडिओ’ सुरू झाला. ‘सीजीनेट स्वर’ हे याच परंपरेतले पुढचे पाऊल. फरक इतकाच की, १९५६ साली प्रश्न नभोवाणी केंद्राने निवडलेल्या विषयावर विचारले जात. २०१० नंतर विषयही टोल्यानेच ठरवला.

आपण मराठी माणसे नोकरीनिमित्त देशभर विखुरतो आणि परमुलखातील प्रयोग कौतुकाने पाहतो. त्यांतील एकाचे बीज आपल्याच पाच जिल्ह्यांत पडले होते, हे ध्यानात असू द्यावे.

माझ्यापुरते सांगायचे तर, त्या प्रसंगानंतर मी नोंदवहीत एक रकाना वाढवला: ‘तक्रारदारास विचारले काय?’ तो भरल्याशिवाय ‘निराकृत’ लिहावयाचे नाही. पुढच्याच महिन्यात आमच्या उपविभागाचा अहवाल जिल्ह्यात सर्वांत वाईट ठरला आणि बैठकीत मला बोलणी खावी लागली. माझी बदली झाल्यावर तो रकाना राहिला की नाही, हे मी विचारलेले नाही. विचारायला हवे होते.

असो.