ख्वाजा महमूद गावान : सौदागर आणि वजीर

व्यापारउदीमांत मुरलेल्या पुरुषाच्या हातीं राज्याचीं सूत्रें दिल्यास तो तीं नीट चालवूं शकेल काय, हा वाद नवा नाहीं. ज्यानें पेढीचा जमाखर्च राखला तो दौलतीचाही राखील, असें एक पक्ष म्हणतो. व्यापाऱ्याची दृष्टि नफ्यापलीकडे जात नाहीं, असें दुसरा म्हणतो. दोन्ही पक्ष बहुधा तर्कावरच भिस्त ठेवितात. दक्षिणच्या इतिहासांत मात्र ह्या प्रश्नाची प्रत्यक्ष कसोटी लागलेली आहे. इ. स. १४५३ च्या सुमारास इराणांतील गीलान प्रांताचा एक सौदागर दाभोळ बंदरीं उतरला. तोच पुढें बहामनी राज्याचा मुख्य वजीर झाला, व १४६६ पासून १४८१ पर्यंत त्यानें तें राज्य चालविलें. त्याच्या चरित्रावरून वरील वादाचा कितपत उलगडा होतो, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम साधनांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. गावानाची हकीकत आपणांस मुख्यतः फिरिश्त्याच्या तवारिखेवरून मिळते. परंतु फिरिश्ता गावानाच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनीं, विजापूरच्या आदिलशाही आश्रयानें लिहीत होता. आणि आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ हा गावानाच्याच हाताखालीं पुढें आलेला सरदार. तेव्हां फिरिश्त्याच्या वर्णनांत गावानाची बाजू उजळ दिसावी, हें स्वाभाविक आहे. समकालीन साधनें दोन : गावानाचा स्वतःचा पत्रसंग्रह ‘रियाज-उल्-इन्शा’, आणि १४७० च्या आगेमागें चौल, जुन्नर व बेदर पाहून गेलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन ह्याचें प्रवासवर्णन. निकितिन त्याचा उल्लेख ‘मलिक-उत्-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, ह्या किताबानेंच करितो.

हा किताब गावानासाठीं नवा निघालेला नव्हता. १४२२ सालीं अहमदशहास तख्त मिळवून देण्यांत बसऱ्याचा व्यापारी खलफ हसन ह्याचें मोठें अंग होतें, व त्यासच हा किताब प्रथम मिळाला. म्हणजे व्यापाऱ्यानें राजकारणांत शिरणें हें बेदरच्या दरबारास अपरिचित नव्हतें. गावानास तो किताब हुमायूनशहानें दिला. पुढें निजामशहाच्या अल्पवयांत राजमाता, ख्वाजा-इ-जहान तुर्क व गावान असे तिघे मिळून कारभार पाहात. १४६६ सालीं तुर्क मारला गेला, आणि तिसऱ्या मुहम्मदशहाच्या कारकीर्दींत सर्व कारभार एकट्या गावानाकडे आला.

सौदागराचें ज्ञान त्याच्या उपयोगीं कोठें पडलें, हें कोंकणच्या मोहिमेवरून स्पष्ट दिसतें. खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, आणि संगमेश्वर येथील राजे, फिरिश्ता सांगतो त्याप्रमाणें, तीनशे जहाजें बाळगून व्यापाऱ्यांची लूट करीत. त्यापूर्वीं ह्याच मुलखांत एका मलिक-उत्-तुज्जाराचें सर्व सैन्य शिर्क्यांनीं अरण्यांत नेऊन बुडविलें होतें. गावानानें घाई केली नाहीं. १४६९ त निघून त्यानें जंगल तोडीत मार्ग काढला, पावसाळा कोल्हापुरास झोपड्या बांधून काढला, व शेवटीं किल्ले हस्तगत करून १४७२ त गोवें घेतलें. गोवें हें विजयनगरकडे जाणाऱ्या अरबी घोड्यांचें मुख्य बंदर. तें गेल्यानें शत्रूच्या घोडदळाची आवकच बहामनींच्या हातीं आली. हें महत्त्व केवळ तरवारबहाद्दर सरदाराच्या ध्यानीं आलेंच नसतें, असें म्हणवत नाहीं. पण समुद्रमार्गें आलेल्या सौदागरास तें समजावून सांगावें लागलें नसेल, हें निश्चित.

आतां त्याच्या कारभाराकडे वळूं. पूर्वीं राज्याच्या चार मोठ्या तरफा होत्या. गावानानें त्यांच्या आठ केल्या. प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाचे किल्लेदार नेमिले. प्रत्येक तरफेंतील कांहीं गांव खालशांत घेतले आणि जमिनीची पाहणी करविली. फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणें पांचशें स्वारांच्या सरदाराचें वेतन एक लक्ष होनांवरून सव्वा लक्ष झालें, हजारीचें दोन लक्षांवरून अडीच लक्ष झालें. परंतु ठरल्याहून स्वार कमी आढळल्यास तितकी रक्कम कापून घेण्यांत येई. ही सारी व्यवस्था चोख हिशेब्याची आहे. मोबदला पुरता द्यावयाचा आणि मालही पुरता मोजून घ्यावयाचा, हें तिचें तत्त्व. त्याची स्वतःची राहणीही तशीच होती. सरकारी उत्पन्न फौजेकडे जाई, आणि खासगी खर्च व दानधर्म तो आपल्या व्यापाराच्या भांडवलावर चालवी, असें फिरिश्ता लिहितो.

मग ह्याच व्यवस्थेनें त्याचा घात कां झाला? व्यापारांत हिशेब चुकता झाला कीं दोन्ही पक्ष आपापल्या वाटेनें जातात. सौदा न पटल्यास दुसरें गिऱ्हाईक मिळतें. दरबारांत असें नसतें. ज्याचें उणें झालें तो दुसऱ्या दिवशींही त्याच मसलतींत बसलेला असतो. दक्षिणी व परदेशी ह्या दोन तटांचें वैर गावानास ठाऊक होतें, म्हणून त्यानें दोघांसही तरफा वांटून दिल्या. परंतु सारखी वांटणी केली म्हणजे दोघेही संतुष्ट होतील, हा हिशेबी माणसाचा समज होय. तेलंगणच्या दोन तरफा झाल्यामुळें त्या सबंध प्रांताची आशा धरून असलेला मलिक हसन निजाम-उल्-मुल्क दुखावला. त्याच्या पक्षानें गावानाच्या शिक्केदारास मद्य पाजून एका कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला, व ओढ्याच्या राजास स्वारीचें निमंत्रण देणारें बनावट पत्र त्यावर लिहिलें. सुलतानानें तें पुढें करतांच गावानानें शिक्का आपला असल्याचें कबूल केलें, पत्र मात्र नाकारिलें. चौकशी झाली नाहीं. ५ एप्रिल १४८१ रोजीं सत्तरी उलटलेल्या वजीराचा शिरच्छेद झाला. ज्या शिक्क्यावर त्याची देशोदेशींची पत चालली, त्याच शिक्क्यानें त्याचा प्राण घेतला.

येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गावान हा निव्वळ व्यापारी नव्हता. त्याचे पूर्वज गीलानच्या दरबारीं वजिरी करीत, आणि तेथील कलहांतूनच तो देशांतरास निघाला. उस्मानी सुलतान दुसरा मुहम्मद व कवि जामी ह्यांच्याशीं पत्रव्यवहार करणारी त्याची लेखणी बाजारांत घडलेली नसून विद्वानांच्या संगतींत घडलेली होती. बेदरचा त्याचा मदरसा, जो १४७२ त पुरा झाला, हेंच सांगतो. म्हणून त्याचें सर्व यश व्यापाराच्या खातीं जमा करणें, किंवा त्याचा अंत व्यापाराच्या नांवें खर्ची टाकणें, दोन्ही चुकीचें ठरेल.

परंतु एवढें म्हणतां येईल कीं, व्यापारानें त्यास बंदर, रोकड, माल व माणूस पारखण्याची विद्या दिली, आणि त्या विद्येचा राज्यास पुरेपूर लाभ झाला. जी विद्या त्यापासून मिळाली नाहीं ती अशी : ज्यांचें हित आपण कमी केलें त्यांच्याबरोबरच नित्य नांदावयाचें, आणि ज्या धन्याच्या नांवानें तें केलें त्याचें मन सतत आपल्याकडे राखावयाचें. सुधारणा नेमस्त होती. तिच्या पाठीशीं उभा राहणारा पक्ष तिनें निर्माण केला नाहीं. मुहम्मदशहा १४८२ त वारला, व पुढील चाळीस वर्षांच्या आंत विजापूर, अहमदनगर, वऱ्हाड व गोवळकोंडा हीं स्वतंत्र राज्यें झालीं. त्यांपैकीं अहमदनगरचें राज्य त्याच मलिक हसनाच्या पुत्रानें स्थापिलें. राज्याचा कारभारी निवडतांना त्यास हिशेब येतो काय, हें अवश्य पाहावें. पण हिशेब न मानणाऱ्यांशीं त्यास वागतां येतें काय, हेंही पाहिल्यावांचून निवड करूं नये, इतकाच बोध ह्या चरित्रावरून निघतो.